विमानाचं वय



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांचं पूर्ण नाव पत्रिकेवर छापलेलं आहे, अध्यक्षांनीही ते आदरानं घेतलं. माझ्या तोंडात मात्र ते कधी बसलं नाही. माझ्यासाठी ते ‘सर’. नववीत त्यांनी आम्हाला पदार्थविज्ञान शिकवलं. पुढं मी मुंबईला गेलो, सांताक्रूझच्या हँगरमध्ये शिकाऊ म्हणून लागलो, विमानं दुरुस्त करण्याचं लायसन्स मिळवलं आणि निवृत्त होईपर्यंत हातात पाना धरला. मी वक्ता नाही. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला एकच सुचला : म्हातारी विमानं. तिकीट काढलेल्या माणसांना घेऊन आजही उडणारी, सगळ्यांत जुनी विमानं.

सुरुवात आपल्या नागपूरपासूनच करतो. आमचं घर खामल्याकडे होतं. लहानपणी रात्री झोपेत एक आवाज यायचा. आधी लांबून, मग डोक्यावरून, मग सोनेगाव विमानतळाच्या दिशेनं खाली खाली जाणारा. थोड्या वेळानं दुसरा, मग तिसरा, मग चौथा. आजी म्हणायची, “टपाल आलं, झोप आता.” ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई टपालाची सेवा सुरू झाली होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून चार विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर नागपुरात जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परत जायची. मद्रासचं पत्र सकाळी दिल्लीला. देशाच्या मधोमध असण्याचा नागपूरला एवढा नेमका उपयोग त्यापूर्वी कुणी करून दिला नव्हता. ती विमानं डाकोटा होती. अमेरिकन नाव डीसी-३.

डीसी-३ पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ रोजी. सुरुवातीला ते आगगाडीसारखे झोपायचे बर्थ असलेलं विमान म्हणून बांधलं गेलं, मग एकवीस आसनांचं झालं. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या लष्करी आवृत्त्या दहा हजारांहून जास्त निघाल्या. युद्ध संपल्यावर त्या भंगाराच्या भावात बाजारात आल्या आणि आपल्यासारख्या नव्या देशांच्या विमान कंपन्या त्यांच्यावर उभ्या राहिल्या. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य उतरवलं ते डाकोटांनीच. ही सगळी विमानं कधीच संग्रहालयात गेली असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर नकाशावर कोलंबिया शोधा. दक्षिण अमेरिकेतल्या या देशात अँडीज पर्वताच्या पूर्वेला व्हियाविसेन्सियो नावाचं शहर आहे. त्याच्या पलीकडे गवताळ मैदानं, त्यापलीकडे अ‍ॅमेझॉनचं जंगल. रस्ते संपतात, नद्या सुरू होतात. तिथल्या गावांना जाणारी, माणसं, बियरची खोकी, कोंबड्या, मासे आणि डिझेलचे पिंप एकाच पोटात घालून गवतावर उतरणारी डाकोटा विमानं अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत धंदा करत आली आहेत. १९४० च्या दशकात बांधलेली. म्हणजे वयानं माझ्यापेक्षा मोठी.

त्यांना अपघात होत नाहीत असं नाही. मार्च २०१९ मध्ये सान होसे देल ग्वाविआरेहून व्हियाविसेन्सियोकडे निघालेलं डाकोटा पडलं आणि आतले चौदाही जण गेले. हे सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला बरं वाटत नाही. जुन्या यंत्रांवर प्रेम करणाऱ्या माणसांना अशा बातम्या विसरायची सवय असते.

आता प्रश्न असा : ऐंशी वर्षांचं विमान मुळात उडतं कसं? त्याचं उत्तर सरांनी नववीतच देऊन ठेवलं होतं, मला ते कळायला वीस वर्षं लागली.

एक दिवस सर वर्गात बांधकामाच्या तारेचं भेंडोळं घेऊन आले. एकाच भेंडोळ्याचे पाच तुकडे कापले आणि पाच मुलांना दिले. मागे-पुढे वाकवा, मोडेपर्यंत. बाकीच्यांनी मोजायचं. सगळा वर्ग ओरडून मोजत होता, शेजारच्या वर्गाचे मास्तर येऊन पाहून गेले. एकाची तार अकराव्या वाकवण्याला तुटली, एकाची सतराव्या, माझी तेविसाव्या. मी फुशारलो. सरांनी विचारलं, “तार एकच होती ना? मग आकडे वेगळे का?” आम्ही म्हटलं, कुणी जोरात वाकवली, कुणी हळू. “ते तर आहेच,” सर म्हणाले, “पण तारेच्या पोटात काय आहे ते तुम्हाला दिसत नाही.” आणि घंटा झाली.

धातू थकतो. ओढलेल्या दोरीसारखा एकदम तुटत नाही. थोडा थोडा ताण शेकडो-हजारो वेळा दिला-काढला की पोटात बारीक चीर पडते, प्रत्येक वेळी केसभर पुढं सरकते, आणि एक दिवस उरलेल्या धातूला तेवढाही भार पेलत नाही. आता जेट विमानाचा विचार करा. ते तीस-चाळीस हजार फुटांवर उडतं. बाहेर हवा विरळ, आत आपण गुदमरू नये म्हणून हवेचा दाब ठेवलेला. म्हणजे दर उड्डाणाला विमानाचं नळकांडं फुग्यासारखं किंचित फुगतं आणि उतरलं की पुन्हा बसतं. एकदा फुगून बसलं की हँगरच्या भाषेत एक ‘सायकल’. नवा शिकाऊ पोरगा यायचा आणि आम्ही म्हणायचो, “या विमानाच्या साठ हजार सायकली झाल्या.” तो बिचारा बाहेर सायकल स्टँडकडे बघायचा.

डाकोटाला ही भानगडच नाही. त्याच्या पोटात दाब भरत नाहीत, ते खालून, ढगांमधून, खड्डे खात जातं. उलट्या होतात, पण त्याचा पत्रा फुगत नाही. शिवाय त्याच्या पंखाला आतून एकच कणा नाही, तीन आहेत. एकाला चीर गेली तरी भार दुसऱ्यांवर वाटला जातो. १९३० च्या दशकातल्या अभियंत्यांना नेमका किती भार येईल हे कळत नव्हतं, म्हणून त्यांनी हात सैल सोडून धातू वापरला. आजच्या हिशेबी माणसाला ते उधळपट्टी वाटेल. पण त्या उधळपट्टीवरच डाकोटा आजवर जगलं आहे. १९४१ मध्ये चीनमध्ये जपानी बॉम्बहल्ल्यात एका डीसी-३ चा एक पंख गेला. दुसरा पंख मिळेना. मग हाँगकाँगहून त्याच्या आधीच्या मॉडेलचा, डीसी-२ चा पंख दुसऱ्या एका विमानाच्या पोटाखाली बांधून आणला आणि त्याला जोडला. तो पाच फुटांनी तोकडा होता. विमान उडालं! लोकांनी त्याचं नाव ठेवलं डीसी-अडीच.

याच्या उलट टोकाला कॉमेट. हे जगातलं पहिलं प्रवासी जेट. २ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गला तिकीट काढलेली माणसं घेऊन निघालं. बरोबर एका वर्षानं, २ मे १९५३ ला, कलकत्त्याहून उडालेलं एक कॉमेट वादळात कोसळलं आणि ४३ जण गेले. दोष वादळाला दिला गेला. १० जानेवारी १९५४ ला दुसरं कॉमेट भूमध्य समुद्रात एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं. ८ एप्रिलला तिसरं, नेपल्सच्या बाजूला. मग इंग्लंडमध्ये फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं, पंख बाहेर. आत पाणी भरून दाब द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा; पंखही जॅकनी हलवत राहायचे. म्हणजे सरांचा तारेचा प्रयोग, फक्त तारेऐवजी विमान. त्या विमानाची आकाशातली १,२२१ उड्डाणं आधीच झाली होती. टाकीतली १,८३६ झाल्यावर, म्हणजे एकूण ३,०५७ ला, पत्रा फाटला. फाटायची सुरुवात कापलेल्या जागेच्या कोपऱ्यापाशी झाली होती, जिथं ताण गोळा होतो. एल्बाजवळ पडलेलं कॉमेट अवघं तीन वर्षांचं होतं. तीन वर्षांचं विमान म्हातारपणानं गेलं, असंच मी म्हणेन.

आणि हे एकदाच घडून थांबलं नाही. २८ एप्रिल १९८८. हवाई बेटं. हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७-२००. चोवीस हजार फुटांवर असताना छताचा सुमारे अठरा फुटांचा तुकडा उडून गेला. पुढच्या भागातले प्रवासी पट्ट्यानं बांधलेले, वर उघडं आकाश. क्लॅराबेल लान्सिंग ही हवाई सेविका उभी होती; ती बाहेर फेकली गेली, तिचा देह कधी मिळाला नाही. कॅप्टन रॉबर्ट शॉर्नस्टायमर आणि सहवैमानिक मॅडलिन टॉम्पकिन्स यांनी ते विमान माउई बेटावर उतरवलं. बाकीचे सगळे वाचले. या विमानाचं वय एकोणीस वर्षं. त्या काळी फार काही नव्हे. एकूण तास ३५,४९६. पण उड्डाणं ८९,६८०. भागून पाहा, सरासरी एक उड्डाण चोवीस मिनिटांचंही नाही. बेटावरून बेटावर, दिवसभर फुग, बस, फुग, बस, आणि वर खारा वारा. पत्र्याचे जोड सुरुवातीच्या ७३७ विमानांत एका चिकट पट्टीनं आणि रिव्हेटनी असे दोन्हींनी धरलेले असत. खाऱ्या दमट हवेत चिकटपट्टी सुटली, सगळा भार रिव्हेटच्या भोकांवर आला आणि भोकाभोकातून बारीक चिरा निघाल्या. एक मोठी चीर असती तर कुणाला तरी दिसली असती. शेकडो बारक्या एका ओळीत होत्या आणि त्या दिवशी एकमेकींना मिळाल्या.

तपास अहवालात दोन गोष्टी आहेत ज्या मला अजून झोपू देत नाहीत. एक, तपासणी करणारे लोक रात्रीच्या पाळीत, पहाटे, रिव्हेटमागून रिव्हेट बघत होते. मी ती पाळी केली आहे. पाचशेव्या रिव्हेटनंतर डोळा बघतो, पण मन काय बघितलं ते नोंदवत नाही. दुसरी, त्या दिवशी विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्यावर चीर दिसली होती. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. बोलणार तरी काय? विमानाचा पत्रा, त्यांना काय कळतंय, असं त्यांना वाटलं असेल. या दुसऱ्या गोष्टीकडे मी परत येईन.

अलोहानंतर सगळ्या जगात जुन्या विमानांकडे बघण्याची रीत बदलली. वय नुसतं वर्षांत न बघता सायकलींवर जास्त भर द्यायला लागले, अमुक इतक्या सायकलींनंतर अमुक जोड उघडून बघायचाच असे नियम आले, आणि पुढं ठरावीक सायकलींपलीकडे विमान उडवायचं नाही अशी मर्यादाही आली. तोवर आमच्याकडे एक गंमतशीर गावठी पद्धत होती. विमानात विड्या-सिगारेटी ओढायची परवानगी होती तेव्हा केबिनचा धूर दाबानं फटीतून बाहेर जायचा आणि पत्र्यावर तपकिरी ओघळ दिसायचा. कुठं फट आहे ते धुरानंच लिहून ठेवलेलं. धूम्रपानबंदी झाली, फुप्फुसांचं भलं झालं, आमचा मात्र एक खबऱ्या गेला. जाता जाता : शौचालयाच्या दाराजवळ रक्षापात्र दिसलं म्हणून विमान जुनं असा निष्कर्ष काढू नका. नियमानं ते आजही नव्या कोऱ्या विमानात ठेवावं लागतं, कारण बंदी असली तरी कुणी ओढणारच, आणि मग विझवायला जागा नको का? आसनाचं नवं कापडही वय सांगत नाही. कापड दर काही वर्षांनी बदलतात. खरं वय पत्र्यात आणि लॉगबुकात.

ते पत्र्यातलं वय तपासणारा ‘मोठा चेक’ म्हणजे काय हे समजायला तुम्हाला लांब जायची गरज नाही. हिंगण्याला जा. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे ना तिथं, जुनी बस येते, बॉडी काढून टाकतात, सांगाडा उघडा पडतो, आणि त्याच चेसिसवर नवी बॉडी चढते. गावी उतरणाऱ्याला बस नवी वाटते, आरटीओच्या कागदावर ती तीच. विमानाचं तसंच. आसनं, शौचालयं, स्वयंपाकाच्या खोल्या, फरशी, सगळं बाहेर. रंग खरवडून पत्रा उघडा. मग भिंग, क्ष-किरण, ध्वनिलहरी, विजेच्या भोवऱ्यांनी चीर शोधणारी उपकरणं. हजारो मनुष्यतास. आता आपल्या मिहानमध्येही बोइंगनं बांधलेला असा हँगर आहे. विमानाचं स्वतःचं असं काय उरतं, विचाराल तर एक छोटी धातूची पाटी, क्रमांक कोरलेली. कॅनडातल्या ‘बीव्हर’ या पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानांबद्दल तिथले मेकॅनिक थट्टेनं सांगतात की काही बीव्हर त्या पाटीभोवती नव्यानं बांधलेली असतात.

बीव्हरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण नियमित वेळापत्रकानं, तिकीट काढून, नोकरीला जाणाऱ्या माणसांना घेऊन उडणाऱ्या विमानांत वयानं ज्येष्ठांची मोठी वस्ती तिथं आहे. युद्धानंतर डी हॅव्हिलँड कॅनडा कंपनीनं रानावनात उडणाऱ्या वैमानिकांना विचारलं, तुम्हाला कसलं विमान पाहिजे? उत्तरं आली तसं विमान केलं. इंधनाचं पिंप आत ढकलता येईल एवढं दार. इंजिनात तेल बसल्या जागेवरून, उडता उडता ओतता येईल अशी सोय, कारण कडाक्याच्या थंडीत खाली उतरून इंजिन उघडायची कुणाची हिंमत? १६ ऑगस्ट १९४७ ला ते पहिल्यांदा उडालं, १९६७ पर्यंत सोळाशेहून जास्त बांधली गेली. व्हँकूव्हरच्या बंदरातून व्हिक्टोरियाला जाणारी हार्बर एअरची बीव्हर आणि त्यांची मोठी भावंडं ‘ऑटर’ आजही पाण्यावरून उठतात, टाय बांधलेली माणसं घेऊन. १० डिसेंबर २०१९ ला हार्बर एअरनंच साठी पार केलेल्या एका बीव्हरमध्ये विजेची मोटर बसवून ती उडवली. डाकोटाचंही तसंच झालं : अमेरिकेत ऑशकॉशला बास्लर नावाची कंपनी डाकोटाचं शरीर थोडं लांबवून त्याला टर्बोप्रॉप इंजिनं बसवते. ही विमानं अंटार्क्टिकावर एका संशोधन तळावरून दुसऱ्या तळावर ये-जा करतात, आणि ज्या अकरा देशांच्या सामाईक हवाई व्यवस्थेत ती आहेत तिच्यात भारतही आहे. बर्फातल्या शास्त्रज्ञांची ने-आण करणारं हे विमान आणि माझ्या लहानपणी सोनेगावला टपाल उतरवणारं विमान एकाच घराण्यातलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं लहान विमानांचं. मोठ्या जेटमध्ये काय? तिथंही कॅनडाच पुढं आहे. मॉन्ट्रियलजवळच्या मिराबेलची नोलिनोर ही कंपनी १९७० च्या दशकातली बोइंग ७३७-२०० विमानं उत्तर ध्रुवाकडच्या वस्त्यांना आणि खाणींना नेते. अलोहाचं ते विमान याच जातीचं, हे विसरू नका. मी त्याच जातीच्या विमानांवर हात काळे केले आहेत, म्हणून जरा रेंगाळतो.

उत्तरेत जमीन बारमाही गोठलेली. वरचा थर उन्हाळ्यात विरघळतो, हिवाळ्यात फुगतो, डांबर टिकत नाही. म्हणून धावपट्टी खडीची. ७३७-२०० ची इंजिनं बारीक आणि लांब, विड्यांसारखी पंखाखाली चिकटलेली. नंतरच्या ७३७ ची इंजिनं फुगीर, जमिनीपासून जेमतेम हातभर उंच. खडी त्यांच्या तोंडात सहज जाईल. बोइंगनं ७३७-२०० साठी खडीवर उतरायचा खास संच केला होता. पुढच्या चाकांपाशी सुपासारखा एक पत्रा, उडालेली खडी पोटावर आदळू नये म्हणून. इंजिनाच्या खालच्या ओठाला पुढं आलेली एक नळी, तिच्यातून दाबाची हवा खाली फुंकली जाते. इंजिन हवा ओढतं तेव्हा जमिनीपासून तोंडापर्यंत बारीक भोवरा तयार होतो, त्यात खडा उडून येतो. ही फुंकर तो भोवराच मोडते. पोटाला घासणी सोसणारा रंग. एवढं करून शंभरेक माणसं घेऊन जेट खडीवर उतरतं. आणि नवं काय आहे? काही नाही. खडीवर उतरणारं एवढं मोठं नवं जेट आज कुणी विकत नाही, कारण गिऱ्हाईक मोजकं आहे. त्या वस्त्यांच्या लेखी बोइंग ७३७-२०० म्हातारं नाही, जवळपास एकुलतं एक आहे.

विमान किती टिकेल हे ते ज्या जमिनीवर उतरतं ती जमीन ठरवते, असं मला जे वाटतं ते इथूनच. आपल्याकडेही एक उदाहरण होतं. इंडियन एअरलाइन्सनं १९८० च्या दशकाअखेर एअरबस ए-३२० घेतली तेव्हा आपल्या काही धावपट्ट्या एवढा भार दोन चाकांवर सोसणार नाहीत, म्हणून मुख्य पायांना दोनाऐवजी चार-चार चाकं लावून घेतली. जगात दुसऱ्या कुणी तशी घेतली नाहीत. परदेशातून आलेला एक तंत्रज्ञ त्या चाकांकडे बघून हसला होता. मी त्याला वाटेतल्या एका जुन्या विमानतळाची धावपट्टी दाखवली. मग तो हसला नाही.

पण जमिनीबरोबर राजकारणही विमानाला म्हातारं ठेवतं, आणि त्याची गोष्ट मला खडीच्या धावपट्टीइतकी आवडत नाही. इराण. शहाच्या काळात त्यांनी अमेरिकेची उत्तम विमानं घेतली : ७२७, आखूड अंगाचं ७४७ एसपी. १९७९ ला क्रांती झाली, अमेरिकेशी संबंध तुटले, पुढं निर्बंध आले. नवी विमानं नाहीत, सुटे भागही नाहीत. ७४७ एसपी त्यांनी २०१६ पर्यंत उडवलं, आणि जगातलं वेळापत्रकी प्रवासी सेवेतलं शेवटचं बोइंग ७२७ जानेवारी २०१९ मध्ये झाहेदानहून तेहरानला जाऊन थांबलं. एकाच्या अंगावरून भाग काढून दुसऱ्याला लावायचा, त्याचा तिसऱ्याला. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. त्यांच्या हँगरमधल्या माणसांच्या कारागिरीला मी हात जोडतो, पण हे जोडलेले हात पाहून कुणी या टंचाईचा गौरव करू नये. ऑक्टोबर २०११ मध्ये मॉस्कोहून आलेल्या इराण एअरच्या ७२७ चं पुढचं चाक उघडेना. कॅप्टन हूशंग शाहबाझी यांनी ते नाकावर घसरत मेहराबादला उतरवलं, सगळे सुखरूप. पुढं ते नागरी विमानांच्या सुट्या भागांवरचे निर्बंध उठवा म्हणून मोहीम चालवत राहिले. त्याच वर्षी जानेवारीत उर्मियाजवळ दुसरं ७२७ पडलं होतं. ७७ जण गेले होते.

अमेरिकेतल्या म्हाताऱ्या विमानांची गोष्ट निव्वळ हिशेबाची आहे, म्हणून थोडक्यात. नवं विमान उडो न उडो, व्याज चालूच. जुन्याचं कर्ज फिटलेलं. इंधन जास्त पितं, पण रिकामं उभं राहिलं तरी खिशाला चटका नाही. डेल्टानं डीसी-९ विमानं जानेवारी २०१४ पर्यंत वापरली, आणि आजही तीस वर्षांपलीकडची ७५७ आणि ७६७ त्यांच्या ताफ्यात उडतात. त्यांना सुटे भाग मिळतात, कारण वाळवंटात उभी असलेली जुनी विमानं अवयवदान करत असतात. आपलं शेवटचं जंबोही त्याच वाटेनं गेलं. २२ एप्रिल २०२४ ला ते मुंबईहून उठलं, निरोपाला एकदा पंख हलवले आणि सुटे भाग काढून घेण्यासाठी अमेरिकेच्या वाटेला लागलं.

चिठ्ठी आली आहे. वाचतो : “तुम्ही स्वतः अशा विमानात बसाल का?”

डाकोटात बसेन, शेपटीकडच्या उतारावर, डोळे मिटून. खडीवर उतरणाऱ्या ७३७ मध्येही बसेन, पण आधी लॉगबुक मागेन. सायकली किती, शेवटचा मोठा चेक कुठं झाला आणि सही कुणाची. ते मला दाखवणार नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून मी दुसरं एक करतो, गेली छत्तीस वर्षं, कुठल्याही विमानात चढताना, नव्या किंवा जुन्या. दारापाशी क्षणभर थांबतो आणि चौकटीच्या कडेच्या रिव्हेटच्या ओळीवरून बोट फिरवतो. मागच्या आठवड्यात मुंबईला जातानाही फिरवलं. हवाई सेविका गोड हसली. मागचा तरुण पिशवी सावरत म्हणाला, “काका, चला ना पुढं.” मी म्हटलं, “एक मिनिट, बाबा.”